झाडीचा नाट्यहंगाम

नागपुरांत कार्तिकाची थंडी पडूं लागली कीं नाट्यगृहांवर नव्या प्रयोगांचे फलक लागतात. शनिवारीं एका संस्थेचें विनोदी नाटक, रविवारीं दुसरीचें गंभीर. ज्याला हांसावयाचें असेल त्यानें शनिवारचें तिकीट काढावें, ज्याला विचार करावयाचा असेल त्यानें रविवारचें, अशी ही सोईची वांटणी आहे. परंतु तिसराहि एक वर्ग असतो. तो दोन्ही दिवशीं घरींच बसतो. ह्या वर्गाची संख्या वाढत चालली आहे, ही आपल्या हौशी नाट्यसंस्थांची नेहमींची तक्रार. त्या तक्रारीचा विचार आज मी नागपुरांतील एखाद्या नाट्यगृहांत उभा राहून करणार नाहीं. त्यासाठीं मी आपणांस नागपूरच्या पूर्वेस, धानाच्या मुलखांत नेणार आहें. कारण तेथें मराठी प्रेक्षक मराठी नाटकासाठीं कडाक्याच्या थंडींत उघड्या मैदानांत रात्रभर बसतो.

उमरेड, भिवापूर आणि नागभीड मागें टाकून आपण ब्रह्मपुरीच्या वाटेला लागलों कीं कापसाचा मुलूख संपतो आणि धानाच्या बांध्या, तलाव आणि तलावांमागचें रान दिसूं लागतें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांतील ह्या प्रदेशाला लोक झाडीपट्टी म्हणतात. जवळिकीनें बोलतांना नुसतें झाडी. वैनगंगा ही येथील मोठी नदी. ब्रह्मपुरीहून ती ओलांडली कीं गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज लागतें. रेल्वेच्या स्थानकाचें नांव वडसा, आणि नाटकवाल्यांच्या तोंडीं तेंच नांव आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीची पेठ ती हीच.

'हंगाम' हा शब्द मूळ शेतकऱ्याचा. झाडींत तो नाटकाला लावतात तो अलंकार म्हणून नव्हे. धान कापून झालें, हातांत चार पैसे आले, भाऊबीजेसाठीं लेकी माहेरीं आल्या, कीं गांवोगांव मंडई भरूं लागते. दिवसां मंडई, रात्रीं नाटक, असा तेथील रिवाज आहे. पुढें पौष-माघांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. तेथेंहि दिवसां पट आणि रात्रीं नाटक. फाल्गुनांत उन्हें तापूं लागलीं कीं हा सारा मेळा हळूहळू उतरणीस लागतो. म्हणजे नाटकाचें पंचांग नाट्यसंस्थेनें ठरविलेलें नाहीं. तें पावसानें आणि पिकानें ठरविलें आहे. ज्या दिवसांत माणसाला रिकामा वेळ असतो, घरीं पाहुणे असतात आणि गांठीला पैसा असतो, त्याच दिवसांत नाटक त्याच्या दारीं येतें. मार्च महिन्यांत, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतांना, नवें नाटक लावून मग रिकाम्या खुर्च्या मोजणाऱ्या शहरी संस्थांनीं एवढी एक गोष्ट जरी विचारांत घेतली तरी पुष्कळ होईल.

ह्या रंगभूमीची मुळें जुनीं आहेत. दंडार आणि खडी गंमत हे झाडीचे मूळचे लोकनाट्यप्रकार. त्यांत गाणें होतें, नाच होता, सोंग होतें आणि गांवांतल्या थोरामोठ्यांची थट्टाहि होती. पुढें संगीत नाटकांचा वारा इकडेहि पोंचला आणि गांवकरी स्वतःच नाटकें बसवूं लागले. शेतकरी, शिक्षक, सुतार, न्हावी हेच नट. स्त्रियांचीं कामेंहि पुरुषच करीत. कालांतरानें स्त्रीभूमिकांसाठीं आणि संगीतासाठीं बाहेरून कलावंत येऊं लागले. त्यांत नागपूरचे कलावंतहि पुष्कळ. आणि अखेर वडशाला कायमच्या नाट्यमंडळ्या उभ्या राहिल्या. गांवचें हौशी नाटक आणि पोटासाठीं केलेलें नाटक ह्यांच्यामधली रेषा येथें पुसट आहे, व मला वाटतें तेंच ह्या रंगभूमीचें बळ आहे.

आतां ह्या हंगामाची व्यवस्था कशी चालते तें पाहूं. शहरांत नाट्यसंस्था नाट्यगृह भाड्यानें घेते, जाहिरात देते, आणि प्रेक्षक येतील काय, म्हणून दाराकडे डोळे लावून बसते. झाडींत ह्याच्या उलट आहे. तेथें गांव नाटकाला बोलावतें. पावसाळा सरतां सरतां गांवोगांवच्या तरुणांचीं मंडळें वडशाला जातात, मंडळ्यांच्या कचेऱ्यांतून हिंडतात, नाटक कोणतें, नायिका कोण, विनोदी काम कोणाकडे, ह्याची कसून चौकशी करतात, आणि तारीख व बिदागी पक्की करून परततात. मैदान, कनात, पाहुण्यांची व्यवस्था हें गांवच्या मंडळाचें काम. तिकिटांचें उत्पन्न मंडळाचें. आणि तोटा झाला तर तोहि मंडळाचा. नफा उरला तर कोठें तो देवळाला लागतो, कोठें शाळेला, कोठें पुढच्या वर्षीच्या नाटकाला. मोठ्या पटाच्या गांवीं तर एकाच रात्रीं दोन-दोन, तीन-तीन नाटकें लागतात आणि मंडळांत चुरस होते.

ह्या व्यवस्थेचा परिणाम असा होतो कीं गांवांतल्या शंभर घरांना तें नाटक आपलें वाटतें. कोणाचा मुलगा मंडळांत असतो, कोणी पाहुण्यांसाठीं तांदूळ दिलेला असतो, कोणाच्या घरीं नटमंडळी उतरलेलीं असतात. शहरांतील प्रेक्षक हा गिऱ्हाईक असतो. झाडींतला प्रेक्षक यजमान असतो. गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाहीं तर तें दुकान बदलतें. यजमान सहसा स्वतःच्या घरचें कार्य सोडून जात नाहीं.

मीं ह्या रात्रीचा पहिला अनुभव घेतला तो ब्रह्मपुरीपलीकडच्या एका लहान गांवीं. रात्रीं दहाच्या सुमारास नाटक सुरू झालें. जमिनीवर सतरंज्या, पोतीं, घरून आणलेल्या चटया; अंगावर घोंगड्या; मागें शेकोट्या. माझ्यापाशीं कांहींच अंथरूण नाहीं असें पाहून शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आपल्या चटईवर मला जागा करून दिली. नाटक कर्जांत बुडालेल्या एका शेतकऱ्याचें होतें. पहिल्या अंकांत सावकाराचा विनोदी नोकर एकटाच रंगमंचावर येतो आणि मालकाची नक्कल करीत व्याज मोजतो: मुद्दल इतकें, त्याचें व्याज इतकें, व्याजाचें व्याज इतकें, आणि हिशेब सांगितल्याबद्दल हिशेबाचे इतके. सारें मैदान पोट धरधरून हांसलें. बाईंच्या डोळ्यांना हांसतां हांसतां पाणी आलें. पुढें रात्रीं दोनच्या सुमारास सावकार स्वतः नायकाच्या अंगणांत येतो आणि तोच हिशेब, त्याच क्रमानें, त्याच शब्दांत, शांतपणें वाचून दाखवितो. ह्या वेळीं कोणी हांसलें नाहीं. बाईंनीं पदर तोंडाला लावला होता. थोड्या वेळानें त्या मला म्हणाल्या कीं मघां आपण ज्याला हांसलों तो हिशेब आपल्याच घरचा होता, हें तेव्हां उमगलें नाहीं.

त्या रात्रीपर्यंत मीहि इतर नागपूरकरांप्रमाणेंच समजत होतों कीं झाडीच्या नाटकांतला विनोद हा अडाणी प्रेक्षकाला जागें ठेवण्यासाठीं घातलेला मसाला आहे. बाईंच्या त्या एका उद्गारानें माझा तो समज पार गेला. विनोदानें त्या प्रेक्षकांना व्याजाचें गणित शिकविलें होतें, आणि शोकप्रसंगानें त्याच गणिताचा अर्थ सांगितला. पहिला प्रवेश नसता तर दुसरा नुसता रडका झाला असता. दुसरा नसता तर पहिला नुसता पोरकट.

ह्या मिश्रणाला व्यावहारिक कारणेंहि आहेत, आणि तीं जाणून घेण्यासारखीं आहेत. पहिलें कारण वेळेचें. नाटक उजाडेपर्यंत चालतें, कारण दूरच्या गांवाहून आलेल्या माणसाला मध्यरात्रीं परत जाणें शक्य नसतें. सहा-सात तास कोणताहि प्रेक्षक सलग रडूं शकत नाहीं, आणि सलग हांसूंहि शकत नाहीं. दुसरें कारण रंगमंचाचें. जेथें रंगविलेल्या पडद्यांवर काम चालतें तेथें मागें राजवाडा किंवा झोंपडी मांडावयाची असेल तर पुढें एक पडदा सोडून त्याच्यापुढें कांहींतरी चालू ठेवावें लागतें. हा पडद्यापुढला प्रवेश बहुधा विनोदी नटाच्या वांट्यास येतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांतहि हीच युक्ति होती. तिसरें कारण तालमीचें. हंगामांत नटाला आज ह्या गांवीं एक नाटक तर उद्यां त्या गांवीं दुसरें, अशी धांवपळ करावी लागते. तालमीला वेळ थोडा मिळतो, आणि बाजूला बसलेला प्रॉम्प्टर हा मंडळीचा मोठाच आधार असतो. गंभीर प्रवेशांत नट संहितेला धरून चालतो. विनोदी प्रवेशांत मात्र तो संहिता सोडून गांवांत उतरतो. सरपंचाचें नांव घेतो, रस्त्यावरचे खड्डे मोजतो, पटांत हरलेल्या बैलजोडीची चौकशी करतो. त्या क्षणीं नाटक त्या गांवाचें होतें. संस्कृत नाटकांतला विदूषक आणि तमाशांतला सोंगाड्या ज्या हक्कानें राजाला बोलत, तोच हा हक्क.

विनोद आणि शोक एकाच दाव्याला बांधण्याची ही रीत केवळ झाडीची नव्हे. मराठी रंगभूमीवर ती जितक्या थोर लेखकानें पाळली तितक्याच थोर लेखकाचा शेवट आपल्या नागपूर जिल्ह्यांत झाला. राम गणेश गडकरी ह्यांनीं २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, देह ठेवला. बाळकराम ह्या नांवानें महाराष्ट्राला हांसविणारा आणि 'एकच प्याला' लिहून त्याला रडविणारा लेखक एकच होता. त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आंतच गंधर्व नाटक मंडळीनें तें नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणलें. त्या नाटकांत तळीराम आणि त्याचें आर्यमदिरामंडळ ह्यांचे प्रवेश प्रेक्षकांना मनमुराद हांसवितात. पण सुधाकराच्या हातीं पहिला प्याला देणारा तोच तळीराम. ज्याला आपण हांसलों त्यानेंच घर बुडविलें, हें कळल्यावर प्रेक्षकाला स्वतःच्या हांसण्याचा जाब द्यावा लागतो. झाडीच्या त्या अनाम नाटकांतील व्याजाचा हिशेब आणि गडकऱ्यांचें आर्यमदिरामंडळ ह्यांची घडण एकाच जातीची आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. व्यसनाच्या पायीं मोडलेल्या संसाराचें नाटक तेथें अजून लागतें आणि अजून लोकांना भिडतें, ह्यांत नवल तें काय?

तथापि झाडीचें सगळेंच चांगलें आहे असें सांगून मी आपली दिशाभूल करणार नाहीं. जेथें विनोद आणि कथा एकमेकांना धरून असतात तेथें हा मेळ उत्तम साधतो. परंतु जाहिरातीच्या चढाओढींत विनोदाचा आणि नाचगाण्याचा भाग फुगत जातो आणि कथा त्यांच्यामधली दोरी तेवढी उरते. मग व्याजाच्या हिशेबाऐवजीं द्व्यर्थी कोट्या येतात, आणि त्यांचा पुढच्या प्रवेशाशीं कांहीं संबंध नसतो. चित्रपटांतील ओळखीचा चेहरा एका रात्रीसाठीं आणून गर्दी खेंचण्याची प्रवृत्तीहि वाढली आहे. त्यानें बिदागी वाढते आणि लहान गांवाचें मंडळ जेरीस येतें. जी रंगभूमी यजमान गांवाच्या ऐपतीवर उभी आहे तिनें ती ऐपतच खाऊन टाकणें म्हणजे बियाण्याचें धान दळून खाण्यासारखें आहे.

बाहेरचे आघातहि थोडे नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. त्या निर्णयामागें मुक्या जनावरांच्या छळाचा प्रश्न होता आणि तो खराच होता. पण दिवसाचा पट गेला कीं रात्रीच्या नाटकाची गर्दी पांगते, हेंहि तितकेंच खरें. डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें संबंधित कायदा उचलून धरला. मध्यंतरीं २०२० सालीं करोनाची सांथ आली. जमावालाच बंदी, तेव्हां मंडई कोठली आणि नाटक कोठलें? तो हंगाम जवळजवळ सगळाच बुडाला, आणि पांच महिन्यांच्या मिळकतीवर वर्ष काढणाऱ्या नटांना, वाजंत्र्यांना, पडदे ओढणाऱ्या गड्यांना दुसरा धंदा पाहावा लागला. एवढें होऊनहि हंगाम पुन्हां उभा राहिला. २०२३ सालीं झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हां राजधानीला ह्या रंगभूमीचें नांव कळलें. गांवांना तें ठाऊक होतेंच.

आतां आपण नागपुरास परत येऊं. नागपूरची रंगभूमी दरिद्री आहे असें कोणी म्हणूं नये. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ सालची. पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांनीं 'रंजन कला मंदिर' ह्या आपल्या संस्थेतून येथें नटांच्या पिढ्या घडविल्या. त्यांचें 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक १९६७ सालीं 'नाट्यसंपदा' ह्या मुंबईच्या संस्थेनें रंगभूमीवर आणलें. त्यांत खांसाहेबांचें काम करणारे वसंतराव देशपांडे हेहि मूळचे विदर्भाचेच, आणि त्यांच्या नांवाचें सभागृह आज येथें आहे. महेश एलकुंचवार ह्यांचें 'वाडा चिरेबंदी' १९८५ सालीं आलें तेंहि मुंबईंत. ह्या दोन उदाहरणांतच आपल्या दुखण्याचें निदान आहे. लेखणी नागपूरची, नट विदर्भाचा, कथा विदर्भाची. परंतु जो यजमान होऊन ते सारें उभें करील असा प्रेक्षक दुसऱ्या शहरांत शोधावा लागला.

आपल्या हौशी संस्थांना जो आधार मिळाला तो १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेचा. त्या स्पर्धेचे उपकार मोठे आहेत; तिच्यामुळें शेंकडों नाटकें लिहिलीं गेलीं. पण तिची एक संवयहि आपणांस लागली. दोन महिने तालमी करावयाच्या, एक प्रयोग परीक्षकांपुढें करावयाचा, निकाल लागला कीं नेपथ्य अडगळींत टाकावयाचें. ज्या नाटकाचा प्रेक्षक तीन परीक्षक आणि नटांचे नातेवाईक एवढाच असतो, त्यांत विनोद भीत भीत येतो. कारण हांसविणारें नाटक हलकें मानलें जाईल आणि पारितोषिक हुकेल अशी धास्ती असते. विनोद असा शनिवारला हद्दपार झाला आणि रविवारचें नाटक कोरडें पडलें.

तेव्हां झाडीपासून आपण काय घ्यावें? पहांटेपर्यंतचा प्रयोग शहराला झेपणार नाहीं, आणि नाचाच्या जाहिरातींची आपल्याला गरज नाहीं. पण तीन गोष्टी घेतां येतील. एक, संस्थेनें एकेक नाटक सुटें न करतां दिवाळी ते होळी असा हंगाम आंखावा आणि तो आश्विनांतच जाहीर करावा. दोन, त्या हंगामांत एकाच नटसंचानें विनोदी आणि गंभीर अशीं दोन्ही प्रकारचीं नाटकें करावींत. काल ज्याला पाहून आपण हांसलों त्याचा विश्वासघात आज पाहतांना काळजांत जें होतें, तें दोन निरनिराळ्या संस्थांच्या प्रयोगांतून कधींच होत नाहीं. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रत्येक प्रयोगाला एक यजमान असावा. महालांतील एखादें गणेशोत्सव मंडळ, धरमपेठेंतील एखादें महिला मंडळ, एखाद्या वसाहतीचा संघ ह्यांनीं नाटक निवडावें, तारीख ठरवावी, तिकिटें खपवावींत, आणि उरलेला पैसा आपल्या वाचनालयाला लावावा. ज्या मंडळाला दहा दिवसांच्या गणेशोत्सवाचा मांडव उभारतां येतो त्याला एका रात्रीच्या नाटकाचें यजमानपद अवघड नाहीं. सुरवातीला एखादें वर्ष तोटा होईल. झाडींतल्या मंडळांनाहि तो होतो. तें दुसऱ्या वर्षीं पुन्हां वडशाला जातात.

माझें म्हणणें खरें कीं खोटें, हें पाहावयाचें असेल तर येत्या हिवाळ्यांत आपण एक रात्र काढावी. नागपुराहून दुपारच्या गाडीनें निघालें तर दिवेलागणीपर्यंत ब्रह्मपुरी किंवा वडसा गांठतां येतें. त्या रात्रीं आसपास कोठें नाटक आहे हें चहाच्या कोणत्याहि टपरीवर कळतें. बरोबर एक घोंगडी घ्यावी आणि एक चटई, जरा मोठीच घ्यावी. शेजारीं कोणी बिनअंथरुणाचा पाहुणा उभा असेल तर त्याला जागा करून देतां येईल.